मधलीने आजींची बोलती बंद केली

तीन बहिणींतली दुसरी, म्हणून घरात तिला मधली म्हणत. पुढे सगळी इमारतच मधली म्हणू लागली, आणि तिचं खरं नाव ठेवणीतल्या कपड्यांसारखं फक्त परीक्षेच्या दिवशी बाहेर निघू लागलं.

घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, अशी त्या कुटुंबाची स्थिती. आईवडील मोठेपणी या गावात आले होते. बाहेरची भाषा त्यांना भाजी घेण्यापुरती यायची, तीसुद्धा भाजीवाला चांगला असला तर. थोरली बहीण लाजाळू, धाकटी पाळण्यात. राहिली मधली. शाळेत जायला लागल्यावर वर्षभरात तिने बाहेरची भाषा अशी उचलली की वडिलांनी विजेच्या ऑफिसात, दवाखान्यात, बँकेत, जाईल तिथे तिला बरोबर न्यायला सुरुवात केली. दोन मोठी माणसं समोरासमोर, आणि मध्ये मान वर करून उभी असलेली, दप्तर पाठीवर असलेली ही एवढीशी मुलगी.

या कामात तिने स्वतःची एक पद्धत काढली होती. खालच्या मजल्यावरचा घरमालक जिना चढून यायचा आणि ओरडायचा, "वर माणसं राहतात की हत्ती?" मधली वडिलांना सांगायची, "ते विचारतायत, सगळे बरे आहात ना?" वडील भरून येऊन म्हणायचे, "आम्ही मजेत. तुम्हीही तब्येतीला जपा." ती घरमालकाला सांगायची, "बाबा माफी मागतायत." घरमालक विरघळायचा. अशी त्या दोघांची मैत्री वर्षानुवर्षं टिकली. जगात शांतता नांदवायला फार मोठी माणसं लागतात, असं आपल्याला उगाच वाटतं.

मधली शिकली, आणि एका शाळेच्या ऑफिसात मदतनीस म्हणून लागली. तिथेही तेच. कुणाची आई आली आणि शाळेची भाषा तिला येत नसली, की शिपाई ओरडायचा, "मधली, चल गं!" मग एके दिवशी शाळांसाठी दोन भाषा येणारे मानसतज्ज्ञ तयार करण्याचा एक अभ्यासक्रम निघाला. कारण साधं होतं. घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं वर्गावर्गांत होती, आणि त्यांना तपासणाऱ्यांना फक्त शाळेची भाषा येत होती. मग काही चांगली चलाख मुलं उगाच 'मंद' ठरायची. आणि ज्यांना खरीच मदत हवी, त्यांच्याबद्दल सगळे मायेने म्हणायचे, "घरात दुसरी भाषा आहे ना, येईल हळूहळू." ते हळूहळू कधी यायचंच नाही.

मधलीने अर्ज केला. थोरली म्हणाली, "म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर होणार?"

"नाही गं, शाळेतली."

"मग तेच की!"

पहिल्या वर्षी पुस्तकं होती, आणि ती तिला जड गेली नाहीत. जड गेल्या भुवया. मूल विचार करत असताना तपासणाऱ्याचा चेहरा कोरा हवा. मधलीच्या भुवया मात्र मुलाच्या आधी उत्तर द्यायच्या. बरोबर उत्तराकडे मूल सरकलं की वर, चुकलं की खाली. शिकवणाऱ्यांनी तिची चित्रफीत वर्गात लावली आणि म्हणाले, "या मुलाला पैकीच्या पैकी गुण आहेत, पण ते बाईंच्या कपाळाला द्यावे लागतील." वर्ग खो खो हसला. मधलीही हसली, आणि घरी आरशासमोर बसून भुवयांना शिस्त लावली. भुवया सुधारल्या. भुवयांच्या मागे जे होतं ते तसंच राहिलं. पण ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

दुसऱ्या वर्षी तिला एका शाळेत प्रत्यक्ष कामाला पाठवलं, मोठ्या बाईंच्या हाताखाली. मोठ्या बाई म्हणजे त्या शाळेच्या जुन्या मानसतज्ज्ञ. केस पांढरे, चष्मा दोरीला, बोलणं मोजकं. त्यांना फक्त शाळेची भाषा यायची आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. त्यांची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. रबरी चेंडूंचा वास अजून गेला नव्हता. खिडकीतून सायकलस्टँड दिसायचा. मोठ्या बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसायच्या आणि त्यात त्यांना काही गैर वाटायचं नाही.

तिथे मधलीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते पुढाऱ्याचं.

पुढारी तिसरीत होता. हात पाठीमागे बांधून वर्गात फिरायचा, दोघांचं भांडण लागलं की मध्ये पडायचा, एकाला पेन्सिल द्यायला लावायचा, दुसऱ्याला 'सॉरी' म्हणायला लावायचा. म्हणून वर्गशिक्षकांनी ते नाव ठेवलं होतं, आणि घरच्यांनाही ते इतकं आवडलं की तेही तेच म्हणू लागले. वाचायला मात्र त्याला एक शब्दही येत नव्हता. धडा वाचायची पाळी आली की पुढाऱ्याला बरोबर त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यातलं भांडण दिसायचं. त्याच्या घरची भाषा मधलीच्या घरचीच होती. सगळे म्हणत, घरच्या भाषेमुळे.

मधलीने त्याला दोन्ही भाषांत तपासलं. शिडीचं चित्र दाखवलं. शाळेच्या भाषेत तो म्हणाला, "ते... वर जायचं ते." घरच्या भाषेतही तो तसाच अडला, आणि म्हणाला, "ते हे, वर जायचं." मग तिने त्याला ज्यांना कुठल्याच भाषेत अर्थ नाही असे नुसते गमतीचे आवाज म्हणायला सांगितले. छोटे जमले, जरा लांब झाले की त्याच्या तोंडातून निम्मे सांडले. तो वैतागला आणि म्हणाला, "ताई, हे शब्द तुम्हीच नीट करून आणा ना."

तिला त्याचं उत्तर आवडलं, पण निष्कर्ष स्पष्ट होता. दोन भाषांचा यात काही दोष नव्हता. त्याला एकच भाषा असती तरी हेच झालं असतं. मोठ्या बाईंनी सगळं तपासून मान डोलावली. "बरोबर आहे. सुट्टीनंतर वाचनाचा खास गट सुरू होतोय. थोड्याच जागा आहेत. त्याला घालायचं तर आईवडिलांची संमती आत्ता हवी. जागा भरल्या की मग पुढचं वर्ष."

आईला बोलावलं. आई कपडे दुरुस्तीचं काम करायची, गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून आली होती. मोठ्या बाई शाळेच्या भाषेत सावकाश बोलल्या. "त्याला वाचायला जमत नाही याचं कारण घरची भाषा नाही. त्याची अडचण दोन्ही भाषांत आहे. ती आपोआप जाणार नाही. रोज वेगळी शिकवणी लागेल, काही वर्षं लागेल."

मधलीने आईकडे पाहिलं. आईचे डोळे धास्तावलेले, हात पट्टीला घट्ट धरून. आणि मधलीच्या तोंडून घरच्या भाषेत बाहेर पडलं ते असं, "पुढारी हुशार आहे. दोन भाषा आहेत ना, त्यामुळे जरा अडखळतोय. थोडी जास्तीची मदत दिली तर बरं होईल."

आईचा जीव भांड्यात पडला. ती हसली. म्हणाली, "एवढंच ना? मग वेगळा वर्ग कशाला? पोरं चिडवतील. आम्ही घरीच बघतो."

ती गेल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मी काही वर्षं म्हणाले, आणि ती हसली?"

"त्यांना थोडा वेळ हवाय, बाई," मधली म्हणाली. बाईंसाठीही तिने तेच केलं. सवयच होती.

पुढे काही आठवड्यांनी वर्गशिक्षक खोलीत डोकावले. "अहो, तुमच्या पुढाऱ्याने बहुतेक राजीनामा दिलाय. भांडणं मिटवत नाही, बोलत नाही. खिडकीशी बसून असतो. घरी काही झालंय का?"

मधली त्याच दिवशी घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर दुसऱ्यांच्या पँटी. पलंगावर पुढाऱ्याची आजी डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसली होती. मधलीला बघून आजीने तोंड उघडलं, आणि सुनेकडे पाहून पुन्हा मिटलं. मग ओठांवर बोट ठेवून खुर्चीकडे हात केला.

आई मशीनवरून उठली. शाळेच्या भाषेत, एकेक शब्द खडे वेचावेत तसा वेचत म्हणाली, "बस. पाणी पी." पुढाऱ्याकडे वळून, "पुढारी. बूट. जागेवर." तो बूट ठेवून आला आणि भिंतीला टेकून बसला. घरात मशीन, नळ आणि बटणं यांखेरीज कशाचा आवाज नव्हता.

मधलीने आईला स्वयंपाकघरात नेऊन घरच्या भाषेत हळूच विचारलं, "ताई, हे काय चाललंय?"

आई अभिमानाने, पण कुजबुजत म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, दोन भाषांमुळे अडखळतोय? मग एक बंद करून टाकली. हे घरी आले की तेही शाळेचीच बोलतात, येते तेवढी. आईंना तर दुसरी येतच नाही, म्हणून त्यांना सांगितलं, पोरासमोर तोंडच उघडायचं नाही. आधी रोज रात्री झोपताना गोष्ट सांगायच्या. तीही बंद. कठीण जातं हो, पण पोरासाठी करायचं." मग डोळे बारीक करून म्हणाली, "किती दिवसांत फरक पडेल?"

मधलीने गोड करून सांगितलेल्या एका वाक्याने एका घराची बोलती बंद केली होती. आणि तरी त्या क्षणीसुद्धा तिच्या तोंडून खरं निघालं नाही. "मी बाईंना घेऊन परत येते," एवढंच म्हणून ती जिना उतरली.

घरी आली तेव्हा तिची आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मधली पलंगाच्या कडेवर बसली. "आई, मी लहानपणी डॉक्टरांचं सांगायचे ना तुला, ते सगळं तसंच्या तसं नसायचं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बोलायचा, आणि तू म्हणायचीस, 'काही नाही, आराम करा.' माझे डोळे काय घरी राहायचे?" आईने टॉवेल झटकला. "परत येताना मी डॉक्टरची चिठ्ठी खालच्या शेजारणीच्या पोराला वाचायला द्यायची आणि सगळं खरं काढून घ्यायची. तो दुष्ट होता मेला, जसंच्या तसं सांगायचा."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुला किती बरं वाटायचं, मला बरं वाटलं असं वाटून. लहान होतीस." आईने तिच्याकडे पाहिलं. "आता नाहीस म्हणा. आणि सगळ्यांच्या खाली दुष्ट शेजारी नसतो."

दुसऱ्या दिवशी मधलीने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या दिवशी बाईंनाच काय सांगितलं होतं, तेही. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, आता अभ्यासक्रमातून नारळ मिळणार.

"ती हसली तेव्हाच मी थांबवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मला तुमची भाषा येत नाही, पण चेहरा येतो. तेव्हा माझंही चुकलं. शनिवारी जाऊ."

"तुम्ही काय म्हणाल ते मी आधी लिहून घेऊ का? म्हणजे या वेळी शब्दाला शब्द..."

"मी काही म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"तपासलंस तू. निष्कर्ष तू काढलास. माझी वाक्यं पोचवायला तुला घेतलेलं नाही, मधली. तू सांगायचंस. मी बसून बघेन."

मधलीला रात्रभर झोप लागली नसेल, असं कुणालाही वाटेल. लागली, पण घरमालक स्वप्नात आला.

शनिवारी दुपारी सगळे घरी होते. पुढाऱ्याचे वडील सामान पोचवणारी गाडी चालवायचे. ते फेरीवरून नुकते आले होते आणि मोज्यांवरच बसले होते. पुढाऱ्याला खालच्या अंगणात खेळायला पाठवलं. मोठ्या बाईंना खुर्ची दिली, पण त्या सवयीने बुटक्या स्टुलावर बसल्या.

मधलीने घरच्या भाषेत सुरुवात केली. "त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. पुढाऱ्याला जे जमत नाही, ते दोन भाषांमुळे नाही. घरची भाषा बंद करून त्याचा काही फायदा नाही, उलट नुकसान आहे. शब्द कानावर पडला की त्याचे आवाज सुटे करायचे आणि धरून ठेवायचे, हे त्याला जमत नाही. दोन्ही भाषांत जमत नाही. वय वाढलं म्हणून आपोआप जमणारही नाही. रोज शिकवावं लागेल, बरीच वर्षं. आणि तरीही वाचन त्याला इतरांपेक्षा जडच जाईल, असं होऊ शकतं."

वडिलांनी विचारलं, "म्हणजे पोरगा कमी आहे का?"

"नाही. दोन पोरांचं भांडण ज्या डोक्याने मिटतं, ते त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. तपासून सांगतेय. अडचण फक्त या एका कामात आहे."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पाण्याबरोबर रागही. "मग तेव्हा खोटं का बोललीस?" 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "आम्हाला काय वाटलं असतं? रडलो असतो, दोन दिवस रडलो असतो! इथे महिनाभर घर मुकं करून ठेवलं मी. सासूला तोंड मिटायला लावलं. माझं पोर माझ्याशी बोलायला घाबरतं, मी त्याला नुसती 'बूट, ताट, झोप' करते म्हणून!"

मधलीला हात पुढे करावासा वाटला, 'नाही हो, तसं नाही' म्हणावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर होते. तिने ते तिथेच ठेवले. म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले. माझी चूक झाली."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "झाली म्हणजे काय! चांगली घसघशीत झाली!" आजी. महिनाभर साठलेलं धरण फुटलं. "मी सांगत होते या दोघांना, बोलल्याने पोर बिघडत नसतं! पण इथे ऐकतंय कोण? बाई म्हणाली, बाई म्हणाली! अगं, मी त्या नळाशी बोलायला लागले होते! बटणांशी बोलायला लागले होते! आणि तू," हे मुलाला, "तू बायकोपुढे माना डोलावतोस, आईची बोलती बंद होते आणि तुला काही वाटत नाही?"

"आई, तुझी बोलती इतके दिवस बंद राहिली, हेच मला खरं वाटत नाहीये," वडील म्हणाले, आणि रडता रडता आईला हसू फुटलं.

मोठ्या बाईंना यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या मधलीकडे झुकल्या आणि शाळेच्या भाषेत हळूच म्हणाल्या, "ती रडली तेव्हा तू तिला थांबवलं नाहीस. चांगलं केलंस." मग जरा थांबून, "आजी काय म्हणतायत?"

"मला शिव्या देतायत, बाई."

"हं. तसंच वाटलं."

आईने पदराने... नाही, मापाच्या पट्टीनेच डोळे पुसले. "त्या वर्गात घातला तर पोरं चिडवतील त्याला?"

"चिडवतील," मधली म्हणाली. "काही दिवस तरी."

आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. वडील म्हणाले, "घाला त्याचं नाव. आणि जागा आहे ना अजून?"

शेवटचीच होती. ती पुढाऱ्याला मिळाली. पोरांनी त्याला खरंच चिडवलं, आणि चिडवणाऱ्यांची आपापसात भांडणं लागल्यावर मिटवायलाही त्यालाच बोलावलं.

सुट्टीनंतर दोन महिन्यांनी आई एकटीच भेटायला आली. मोठ्या बाई खोलीत नव्हत्या. अशा भेटी त्यांनी आता मधलीवरच सोडल्या होत्या.

"सांगा," आई म्हणाली. पुन्हा 'तुम्ही'वर आली होती, पण स्वर घरच्यासारखा.

"अक्षरांत फार फरक नाही. निम्मी येतात, निम्मी विसरतो. मला वाटलं होतं त्याहून हळू चाललंय."

"बरं. आणखी?"

"शब्दाचा पहिला आवाज आता वेगळा काढता येतो त्याला. दोन्ही भाषांत. आधी येत नव्हता."

"हे चांगलं आहे?"

"चांगलं आहे. लहान आहे, पण चांगलं आहे."

आई पिशवी उचलून उभी राहिली. दारापाशी थांबून म्हणाली, "पुढच्या वेळी यांनाही घेऊन येते. त्यांना तुमच्याच तोंडून ऐकू दे. मी घरी जाऊन सांगायला लागले ना, की गोड करून सांगते."